भाड्याच्या घरातील कॅमेरे

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. याचिकाकर्ते निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी बंगळुरूचे. याच शहरात दोन-चार दिवसांसाठी भाड्याने मिळणाऱ्या घरांतील कॅमेऱ्यांचा प्रश्न मात्र मुख्यतः कंपनीच्या नियमावर सुटतो. ‘एअरबीएनबी’ने ३० एप्रिल २०२४ पासून जगभर घराच्या आत कॅमेरे ठेवण्यास मनाई केली. तोपर्यंत पूर्वसूचना देऊन दिवाणखान्यात ते ठेवता येत. दाराबाहेरील कॅमेऱ्याची माहिती आरक्षणापूर्वी देणे बंधनकारक आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई अन्वये संमतीविना गुप्तांगांचे चित्रण केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ केवळ स्त्रियांना संरक्षण देते. दिवाणखान्यात नुसत्या गप्पा मारणाऱ्या पाहुण्यांचे चित्रण या दोन्ही कलमांत बसत नाही.