आधी कान, मग मन?

कानात अखंड शिट्टी किंवा रातकिड्यांची किरकिर ऐकणारा रुग्ण कानाच्या शस्त्रक्रियेला येतो, तेव्हा बरेचदा त्याची झोप उडालेली असते आणि मन खचलेले असते. त्यावर रूढ मत असे : हे सारे त्या आवाजापायीच आहे, कान दुरुस्त झाला की आवाज जाईल आणि मनही ताळ्यावर येईल. मनाची वेगळी चौकशी कशाला?

हे मत अगदीच निराधार नाही. ओटोस्क्लेरोसिसमध्ये कानातले रिकिबीसारखे हाड जखडते. तिथे कृत्रिम दट्ट्या बसवल्यावर ऐकू येऊ लागते आणि अनेकांचा कर्णनादही, म्हणजे कानातला हा आवाजही, उतरतो. पण यावरून सरसकट नियम काढता येत नाही.

नादाचे मूळ केवळ कानात असते, तर ऐकण्याची नस कापल्यावर तो थांबायला हवा होता. अमेरिकेत कानाचे शल्यचिकित्सक हाउस आणि ब्रॅकमन यांनी १९८१ मध्ये या नसेलगतची गाठ काढताना ती नस कापलेल्या रुग्णांचा अनुभव मांडला : सुमारे ४० टक्क्यांचा नाद कमी झाला, सुमारे ५० टक्क्यांचा वाढला. कानाकडून येणारे संदेश घटले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो, आणि नाद तिथे टिकून राहतो, असे मानले जाते.

शिवाय आवाज किती मोठा, यावरून त्रास किती हे ठरत नाही. तेवढ्याच आवाजात एक जण कामाला लागतो, दुसरा रात्ररात्र जागतो. हा फरक मेंदूतील भावना आणि भीतीच्या यंत्रणेमुळे पडतो, असे संशोधक यॅस्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये प्रतिपादले. म्हणजे चिंता नादातून उपजते, तशी ती नादाला असह्यही करते.

कोणी म्हणेल, मनाचा विषय काढला की रुग्णाला आपण खोटे ठरल्यासारखे वाटते. त्याला स्पष्ट सांगावे : नाद खरा आहे, आणि त्याचा जाच कमी करता येतो. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात वर्तनोपचाराने नादाची तीव्रता बदलली नाही. तरी उदासी ओसरली, जगणे सुधारले.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच ऑडिओग्रामच्या (श्रवणचाचणीच्या आलेखाच्या) जोडीने झोप, चिंता, उदासी आणि आत्महत्येचे विचार यांची विचारपूस व्हावी. झोप, चिंता आणि उदासीसाठी कर्णनादाच्या त्रासाची प्रश्नावली, म्हणजे टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरीचे २५ प्रश्न, हाताशी आहेत. नाद राहील, कदाचित वाढेलही, हे रुग्णाला आधीच कळले पाहिजे. ऐकू येणे सुधारले पण माणूस खचलेलाच राहिला, तर त्या शस्त्रक्रियेला पूर्ण यश म्हणू नये.