शिकणारा शिक्षक

काळ झपाट्यानें बदलत आहे, तेव्हां शिक्षकाच्या अंगीं कोणते गुण असावेत, असा प्रश्न हल्लीं वारंवार ऐकूं येतो. जणूं काळ यापूर्वीं कधीं बदललाच नव्हता! आपल्या महाराष्ट्रापुरतें पाहिलें, तरी १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यानंतरच्या तीस वर्षांत शिक्षकाच्या पायांखालची भूमि चांगलीच हालली होती. त्या वेळीं शिक्षकांनीं काय केलें हें पाहिल्यास आजच्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळसें सांपडेल, अशी माझी समजूत आहे.

तत्पूर्वींची शाळा म्हणजे पंतोजींची. धुळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं, मोडी वाचावयास शिकावयाचें आणि पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ करावयाची. या शिक्षणास नांवें ठेवण्याची चाल पडून गेली आहे, पण ती न्याय्य नव्हे. दुकानाचा हिशेब व कुळकर्ण्याचें दप्तर यांस लागणारी विद्या पंतोजी चोख देत असत. उणीव एवढीच, कीं गुरूपाशीं जेवढें होतें तेवढेंच शिष्यास मिळावयाचें. जग स्थिर असतें तोंवर हें चालतें. छापखाना, भूगोल, नवे कायदे, नवी राजभाषा हीं सर्व येऊं लागलीं, तेव्हां ती शिदोरी अपुरी पडूं लागली.

अशा वेळीं मुंबईस बाळशास्त्री जांभेकर पुढें आले. कोंकणांतील पोंभुर्लें हें त्यांचें जन्मगांव. जुनी संस्कृत विद्या घेऊन ते मुंबईस आले आणि इंग्रजी, गणित, ज्योतिष व अनेक भाषा त्यांनीं आत्मसात् केल्या. पुढें एल्फिन्स्टन संस्थेंत ते अध्यापक झाले. परंतु वर्गांत शिकवून त्यांचें समाधान होईना. मराठींत नव्या विद्यांचीं पुस्तकेंच नव्हतीं, तीं त्यांनीं स्वतः लिहिलीं. शून्यलब्धीसारखा कठिण गणितविषयहि मराठींत आणला. वर्गाबाहेरील लोकांसाठीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' पत्र व १८४० सालीं 'दिग्दर्शन' मासिक काढलें. १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें, तेंहि याच धडपडीचें फळ. बाळशास्त्री १८४६ सालीं ऐन उमेदींत वारले. त्यांचा काळ अल्प होता, परंतु जें आपणांस नव्यानें कळलें तें शिष्याच्या भाषेंत उतरविल्यावांचून स्वस्थ बसावयाचें नाहीं, हा कित्ता त्यांनीं घालून दिला.

पण एवढ्यानें सर्व झालें असें नाहीं. नवी विद्या आली, तरी ती घेण्यास शाळेंत कोण बसत होतें? बहुतेक वरच्या जातींचे मुलगे. हें दार उघडण्याचें काम पुण्यांत सावित्रीबाई फुले व जोतीराव फुले यांनीं केलें. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ सालचा, नायगांवचा. लग्नाच्या वेळीं त्या निरक्षर होत्या. पतीपाशीं त्या शिकल्या आणि १८४८ सालीं भिडे वाड्यांतील मुलींच्या शाळेंत शिकवूं लागल्या. रस्त्यानें जातांना अंगावर शेणचिखल पडे, म्हणून दुसरें लुगडें बरोबर ठेवावें लागे, असें त्यांच्याविषयीं सांगतात. या दांपत्यास घरहि सोडावें लागलें. परंतु १८५५ सालीं त्यांच्या शाळेंतील मुक्ता साळवे या मातंग मुलीनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला व तो 'ज्ञानोदया'ंत छापून आला. ज्या समाजास अक्षराची बंदी होती, त्यांतील एक मुलगी आपलें गाऱ्हाणें स्वतःच्या लेखणीनें जगापुढें मांडते, यापरतें शिक्षकाच्या यशाचें दुसरें प्रमाण कोणतें?

आतां आजच्या काळाकडे वळूं. मुलाच्या हातांतील यंत्र क्षणांत उत्तर देतें. ज्या शिक्षकाचें भांडवल केवळ माहिती, तो या शर्यतींत मागें पडणार, जसा एके काळीं पंतोजी पडला. परंतु मिळालेलें उत्तर खरें कीं खोटें हें पारखावयास शिकविणें, तें मुलाच्या भाषेंत व अनुभवांत आणून बसविणें, आणि मागल्या बांकावर गप्प बसलेल्या मुलास पुढें बोलावणें, हीं कामें शिक्षकाचींच राहतात. त्यासाठीं त्याच्या अंगीं अभ्यास हवा, मातृभाषेवर हुकमत हवी आणि थोडें धैर्य हवें. यांत अभ्यास मी पहिला मानतों, कारण बाळशास्त्री काय किंवा सावित्रीबाई काय, दोघेंहि आधीं विद्यार्थी झालीं आणि मग शिक्षक.

घरोघरच्या पालकांस एक विनंति आहे. तुमच्या मुलाचा शिक्षक वर्गांत म्हणाला, कीं हें मला ठाऊक नाहीं, आपण मिळून शोधूं, तर त्यास हंसूं नका. असा शिक्षक मुलास लाभला, हें त्याचें भाग्य समजा. आणि त्यास वाचावयास पुस्तकें व थोडी सवड मिळेल, एवढें पाहा.