शहाजहानचा मांगर

गोव्यात ज्यांच्याकडे कुळागर आहे त्यांच्या घरी हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते, "तिथे एखादी खोली बांधूया." पूर्वी तिथे मांगर असायचा. चिऱ्यांचे जोते, वर माडाचे वासे, त्यावर नळे किंवा चुडते. आत नारळ, सुपारीची पोती, कोयते, कुदळी. राहते घर वेगळे आणि बागेतला हा निवारा वेगळा. असा निवारा कसा योजावा याचा एक मोठा धडा इतिहासात आहे, आणि तो आहे बुऱ्हाणपूरला.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी खानदेशाचेच गाव. फारुकी सुलतानांनी ते तापीच्या काठी वसवले आणि १६०१ साली अकबराने असीरगड घेतल्यावर ते मुघलांच्या दख्खनची राजधानीच बनले. शाही किल्ला तापीच्या उत्तर काठावर. पलीकडच्या काठावर जैनाबाद, आणि तिथे शहाजादा दानियालची बाग, आहूखाना. फारसीत आहू म्हणजे हरीण. दानियालला शिकारीचा नाद, म्हणून तिथे हरणे पाळलेली. पुढे शहाजहानच्या काळात ही बाग राजघराण्याच्या विसाव्याची जागा झाली.

अशा बागेतली इमारत म्हणजे बारादरी. चारही बाजूंना तीन-तीन अशी बारा दारे, म्हणून बारादरी. दारे असली तरी बंद करायला नव्हेत, वारा कुठूनही यावा म्हणून. खानदेशचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला यातले शहाणपण सांगायला नको. समोर हौद असला की वारा पाण्यावरून गार होऊन आत येतो. इमारत लहानच, पण सावली, वारा आणि पाणी या तिघांचा हिशोब आधी मांडून मग बांधलेली.

याहून स्पष्ट उदाहरण म्हणजे शहराबाहेर सुमारे वीस किलोमीटरवरचा महाल गुलारा. उतावळी नदीवर बंधारा घातलेला आणि दोन्ही काठांवर समोरासमोर दोन छोटे महाल. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी कोसळते आणि महालात बसलेल्याला ते पाहता येते. नदी अडवली नसती तर त्या दोन महालांना तिथे काही अर्थच उरला नसता. बादशहाला महाल कुठेही बांधता आला असता, पण जागा ठरवली ती पाण्याने. याच शहराला १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणले गेले. तोच कुंडी भंडारा. पाण्याची वाट आधी शोधायची, ही त्या काळची रीतच दिसते.

बागेतले घर फक्त मौजेचे नसते, हेही आहूखान्याने पाहिले. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल बुऱ्हाणपूरला वारली. तिला आधी दफन केले ते जैनाबादच्या याच बागेत. डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहाल साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण तिचे पहिले सहा महिने गेले ते घरच्या बागेत. शोक आवरेनासा झाला की माणूस ओळखीच्या झाडांकडे जातो, मग तो बादशहा का असेना.

आज आहूखान्यात पडक्या भिंती आणि कोरडे हौद उरले आहेत. पाणी आटले की बागेतली इमारत नुसती भिंत होते.

आमच्याच घरी सध्या हा वाद चालू आहे. पुतण्याने कुळागरातल्या खोलीचा नकाशा काढून आणला. स्लॅब आहे, न्हाणीघर आहे, गाडी लावायला जागा आहे. झरीवरून पोफळींना पाणी नेणारा पाट मात्र त्यात कुठेच नाही. तो नेमका खोलीच्या पायाखाली येतो. थोरल्या भावाचे म्हणणे, पाईप घालू. पण पाईपमधून पोफळींना पाणी मिळेल, पाटाच्या कडेची ओल मात्र जाईल, आणि त्या ओलीवरच मिरवेल आणि वेलची तग धरून आहेत.

मी एवढेच म्हटले आहे की आधी पाट आखा, मग भिंती. खोली चार हात सरकली तर काही बिघडत नाही. पाट सरकत नाही.