खर्च करणारा आणि हिशेब विचारणारा

मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट पाहावयास जाणारा प्रवासी त्याच्या दर्शनी भागावरील कोरीव शिल्पे न्याहाळतो, विल्यम इमर्सन या वास्तुशास्त्रज्ञाचे आणि लॉकवुड किपलिंग या शिल्पकाराचे कौतुक करतो आणि परत फिरतो. ही इमारत १८६९ साली पुरी झाली. ज्या अधिकाऱ्याच्या नावाने ती पुढे ओळखली गेली, त्याच्या कारभारावरून दोनच वर्षांत शहरात एक मोठा वाद पेटला. नगराच्या पैशातून खर्च करणाऱ्याने हिशेब कोणाला द्यावयाचा आणि केव्हा द्यावयाचा, हा त्या वादातील खरा प्रश्न होता. आज आपल्या देशात महानगरपालिका ज्या साच्यात ओतल्या गेल्या आहेत तो साचा बव्हंशी या वादातून घडला. इमारतीचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. हिशेबाच्या वहीचा इतिहास सांगण्यास सहसा कोणी पुढे येत नाही, म्हणून हा अल्प प्रयत्न.

मुंबई शहराच्या कारभाराची प्रारंभीची घडी विस्कळीत होती. १८५८ च्या कायद्याने हा कारभार तीन कमिशनरांवर सोपविण्यात आला. परंतु तिघांची जबाबदारी ती कोणाचीच नव्हे, असा अनुभव सरकारला लौकरच आला. तेव्हा १८६५ साली नवा कायदा होऊन शहरातील जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे ज्यांना लोक ‘जेपी’ म्हणत, त्यांचे एक मंडळ बनविण्यात आले आणि कारभाराची सर्व सूत्रे एकाच म्युनिसिपल कमिशनरच्या हाती देण्यात आली. जेपींनी अंदाजपत्रकास मंजुरी द्यावी आणि कमिशनरने त्याप्रमाणे काम करावे, अशी ही योजना होती. जेपी सरकारने नेमलेले असत. ज्यांच्या घरपट्टीवर शहर चालत होते, त्यांनी त्यांतील एकालाही निवडून दिलेले नव्हते.

या पदावर प्रथम आले ते आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड. हा मनुष्य उद्योगी होता, हे त्याच्या शत्रूंनीही नाकारले नाही. त्या काळची मुंबई म्हणजे दुर्गंधीचे आगर. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात पैशाचा पूर लोटला, वस्ती बेसुमार वाढली. पण गटारे, रस्ते, बाजार आणि खाटीकखाने होते तसेच राहिले. क्रॉफर्ड यांनी रस्ते रुंद केले, कत्तलखाना शहराबाहेर वांद्र्यास हलविला, सफाईची शिस्त बसविली आणि बाजारपेठा बांधल्या. आरोग्याधिकारी डॉ. ह्यूलेट यांच्या साह्याने शहराचे आरोग्य सुधारण्याचा त्यांनी चालविलेला उद्योग दृष्टीस पडण्यासारखा होता. पण याच वेळी, १८६५ साली, युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि पेढ्या व कंपन्या एकामागून एक बुडाल्या. शहराची मिळकत आटत असताना कमिशनरचा हात मात्र सैल होता. खर्च आधी व्हावा आणि मंजुरी मागाहून यावी, अंदाज एक असावा आणि प्रत्यक्ष आकडा दुसराच निघावा, असा प्रकार वाढत गेला. ज्यांचे आयुष्य सरकारी कचेरीत गेले आहे त्यांना ‘कार्योत्तर मंजुरी’ या शब्दाची ओळख करून द्यावयास नको. एकदा काम होऊन गेले की मंजुरी नाकारण्याचा अधिकार उरतो तो केवळ नावापुरता. कारण बांधलेली भिंत कोणी पाडीत नाही आणि दिलेला पैसा कोणी परत आणीत नाही.

१८७१ साली करदात्यांचा असंतोष उघडपणे बाहेर आला. सभा झाल्या, अर्ज गेले. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे लोकपक्षाचे पुढारी करदात्यांच्या बाजूने उभे राहिले. जेपींच्या मंडळात जे. ए. फोर्ब्स यांनी ठराव मांडला की, कमिशनरच्या हातातील कारभाराची सत्ता काढून एका टाऊन कौन्सिलकडे द्यावी. रोगाचे कारण एका माणसाची अनिर्बंध सत्ता. तेव्हा ती सत्ता अनेकांत वाटून टाकावी म्हणजे रोग हटेल, असा हा सरळ विचार होता. संतापलेल्या करदात्याला तो तत्काळ पटावा यात नवल नाही.

या वेळी सव्वीस वर्षांचा एक तरुण बॅरिस्टर प्रवाहाविरुद्ध बोलावयास उभा राहिला. फिरोजशहा मेहता यांनी १८७१ च्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये मुंबईच्या नगरसुधारणेवर एक निबंध वाचला. सभेचा कल त्यांच्या विरुद्ध होता. क्रॉफर्डच्या कामाचे श्रेय त्यांनी क्रॉफर्डला दिले, हेच पुष्कळांना रुचले नाही. परंतु त्यांच्या म्हणण्यातील मर्म याहून खोल होते. काम करणारा हात एकच असावा. अनेक हातांनी केलेल्या कामाची जबाबदारी कोणावरच ठेवता येत नाही, हे १८५८ नंतरच्या तीन कमिशनरांनी दाखवून दिलेच आहे. दोष एकट्या कमिशनरच्या सत्तेत नव्हता. ज्यांनी त्याला वेळीच विचारावयाचे ते विचारीत नव्हते, यात होता. आणि ते विचारीत नव्हते, कारण त्यांना स्वतःलाच कोणी जाब विचारणारे नव्हते. तेव्हा कमिशनर ठेवा, पण त्याच्यावर देखरेख करणारे मंडळ लोकांनी निवडलेले असू द्या, असा मेहतांचा निष्कर्ष होता.

आज ही गोष्ट वाचताना साधी वाटते. त्या दिवशी ती साधी नव्हती. एका बाजूस काम करणाऱ्या अधिकाऱ्याला मोकळे सोडावे असे म्हणणारे सरकार, दुसऱ्या बाजूस त्याचे हात बांधून टाकावे असे म्हणणारे करदाते. आणि या दोहोंच्या मध्ये हा तरुण सांगत होता की, हात मोकळे ठेवा, पण डोळे उघडे ठेवा. कर्तबगारी आणि देखरेख या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत, हे तत्त्व आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी मांडले होते.

१८७२ च्या कायद्याने या विचाराला पहिले मूर्त रूप मिळाले. चौसष्ट सभासदांचे कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्यांतील ३२ करदात्यांनी निवडावयाचे, १६ जेपींनी आणि १६ सरकारने नेमावयाचे. कॉर्पोरेशनच्या पोटात बारा जणांचे टाऊन कौन्सिल. त्यांतील आठ कॉर्पोरेशनने निवडलेले, अध्यक्षासह चार सरकारचे. नगरनिधीचा विनियोग नीट होतो की नाही, हे पाहणे हे या टाऊन कौन्सिलचे मुख्य काम. क्रॉफर्ड तोवर त्या पदावरून गेलेले होते. मागून आलेल्या कमिशनरांना विचारणारे लोक आता समोर बसलेले होते.

सोळा वर्षांनी, १८८८ साली, नवा कायदा झाला. मधल्या काळात लॉर्ड रिपन यांचा १८ मे १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव येऊन गेला होता. नव्या विधेयकास आकार देण्यात मेहतांबरोबर न्यायनिष्ठ काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांचाही वाटा होता. सभासदांची संख्या ७२ झाली आणि टाऊन कौन्सिलची जागा स्थायी समितीने घेतली. पुष्कळ दुरुस्त्या होऊनही मुंबईचा कारभार आजही याच कायद्याने चालतो. योगायोग असा की, त्याच वर्षी क्रॉफर्ड यांचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. ते त्या वेळी मध्य विभागाचे कमिशनर होते. त्यांच्यावर लाचलुचपतीचे आरोप होऊन पुण्यास चौकशी बसली, आणि साक्ष दिलेल्या मामलेदारांच्या बाजूने टिळकांनी चळवळ केली. तो विषय निराळा आहे आणि त्याच्या उजेडात १८७१ चा निवाडा करणे न्यायाचे होणार नाही. परंतु व्यक्तीच्या भल्याबुऱ्यावर व्यवस्था टांगून ठेवू नये, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

१८८८ च्या कायद्याची कलमे वाचावयास रुक्ष आहेत. पण त्यांतील योजना विचारपूर्वक आहे. कॉर्पोरेशन, स्थायी समिती आणि कमिशनर ही तीन स्वतंत्र अंगे. वार्षिक अंदाज कमिशनरने तयार करावयाचे, ते स्थायी समितीपुढे ठेवावयाचे, समितीने त्यांची छाननी करून अंदाजपत्रक सिद्ध करावयाचे आणि शेवटी सर्व सभेने ते मान्य करावयाचे. वर्षअखेर निदान एक लाख रुपये शिल्लक राहतील अशी तजवीज अंदाजपत्रकात असलीच पाहिजे. ठराविक रकमेवरील कंत्राट, ही मर्यादा मुळात पाच हजार रुपयांची होती, समितीच्या पूर्वसंमतीवाचून करता येत नाही. हिशेबतपासनीसाने दर आठवड्यास हिशेब तपासून आपला अहवाल द्यावयाचा, तो कमिशनरला नव्हे तर स्थायी समितीला. आणि समितीला वाटेल तेव्हा स्वतंत्रपणेही तपासणी करता येते. वर्षाच्या शेवटी झालेल्या कामाचा अहवाल प्रसिद्ध करावयाचा. कमिशनर सरकारने नेमलेला खरा. परंतु एकूण सभासदांपैकी पाच अष्टमांशांनी मत दिले तर सरकारला त्याला परत बोलवावे लागते.

या सर्व तरतुदींत एक सूत्र आहे, आणि ते म्हणजे काळाचे. वर्षाने येणारा लेखापरीक्षकाचा अहवाल म्हणजे शवचिकित्सा. त्याने मृत्यूचे कारण कळते, रोगी उठत नाही. दर आठवड्याची तपासणी म्हणजे नाडीपरीक्षा. खर्चापूर्वी संमती, खर्च चालू असता तपासणी आणि खर्चानंतर अहवाल, अशा तीन पायऱ्या त्या कायदेकारांनी बांधल्या. यांतील पहिल्या दोन ढासळल्या तर तिसरी नुसती कागदी उरते. आणि एवढी देखरेख असूनही शहराची मोठी कामे अडली नाहीत. तुळशी तलावाचे पाणी १८७९ साली आले, तानसाचे १८९२ साली. प्रश्न विचारले गेले म्हणून कामे रखडतात, हा नेहमीचा आक्षेप निदान या इतिहासाला लागू पडत नाही.

तथापि, या चित्राची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ते पुरे होणार नाही. देखरेख करणारे लोकनियुक्त होते, पण ते कोणत्या लोकांचे? मताचा अधिकार ठराविक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यांपुरता होता. घरमालकाला मत होते. त्याच्या चाळीतील भाडेकऱ्याला, गिरणीतील कामगाराला नव्हते. आपल्या घरपट्टीवर जपून नजर ठेवणारा हा मतदार चाळींतील गटारांच्या खर्चाबाबत तितका उत्सुक असण्याचे कारण नव्हते. १८९६ साली प्लेग आला तेव्हा या कोंदट वस्त्यांची किंमत साऱ्या शहराला मोजावी लागली. १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची वेगळी संस्था काढून नगररचनेचे काम तिच्याकडे दिले. म्हणजे, पालिकेने जे केले नाही ते पालिकेला वळसा घालून करण्याची प्रथा तेव्हाच पडली. हा ट्रस्ट १९३३ साली पालिकेत विलीन झाला, आणि सर्व प्रौढांना मताचा अधिकार मिळाल्यावर मुंबईची पहिली निवडणूक १९४८ साली झाली. हिशेब विचारण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने शहराचा होण्यास १८७२ पासून पाऊणशे वर्षे लागली.

या संदर्भात पुण्याच्या एका सभासदाचे स्मरण होते. १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेत सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी करावयाच्या खर्चास एकट्याने विरोध केला. ज्यांना मत नव्हते त्यांच्या वतीने तो विरोध होता. मुंबईच्या त्या बाजाराला आज त्यांचेच नाव आहे. नामांतर करणाऱ्यांच्या मनात ही संगती असेल किंवा नसेल. पण खर्च करणाऱ्याचे नाव जाऊन खर्चाविषयी विचारणाऱ्याचे नाव त्या दारावर यावे, हे उचितच झाले.

दिल्लीत राहणाऱ्या आपणा मराठी वाचकांना हा विषय दूरचा नाही. १९५७ साली संसदेने दिल्ली महानगरपालिकेचा कायदा केला तो याच वळणावर: निर्वाचित सभा, स्थायी समिती, आयुक्त आणि मुख्य लेखापरीक्षक. ७ एप्रिल १९५८ रोजी ही पालिका अस्तित्वात आली. २०१२ साली तिचे तीन तुकडे झाले, २०२२ च्या मे महिन्यात ते पुन्हा जोडले गेले आणि डिसेंबरात निवडणूक झाली. परंतु स्थायी समिती प्रत्यक्षात स्थापन झाली ती २०२५ च्या जूनमध्ये. मधल्या अडीच वर्षांत सभा होती, महापौर होता, आयुक्त होता. पण मोठ्या कंत्राटांची छाननी करणारे अंगच नव्हते. मुंबईत याच्या उलट घडले. २०२२ च्या मार्चात नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. २०२३, २०२४ व २०२५ या वर्षांचे अर्थसंकल्प ज्या हाताने मांडले त्याच हाताने मंजूर केले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने १९९३ पासून सांगून ठेवलेले असताना हे घडले.

या काळात वाईट कामे झाली असे मला म्हणावयाचे नाही. प्रशासक दक्ष असतील, कामे चोख झाली असतील. क्रॉफर्ड यांच्याही काळात रस्ते रुंद झाले होते आणि बाजार उभे राहिले होते. प्रश्न अधिकाऱ्याच्या गुणांचा नाही. १८६५ साली निदान जेपींची सभा तरी होती. तिला विचारण्याचे धैर्य नव्हते, पण जागा होती. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ज्या कायद्याने एकाने मांडावे आणि दुसऱ्याने मंजूर करावे असे शिकविले, त्याच कायद्याखाली मांडणारा आणि मंजूर करणारा एक व्हावा आणि शहराला त्याचे विशेष काही वाटू नये, ही गोष्ट मला चिंतेची वाटते. १८७१ चे करदाते चुकीचे औषध मागत होते. पण आपल्याला रोग झाला आहे हे त्यांना कळत होते. सभागृहे भरविली जातील, समित्या नेमल्या जातील. त्यांत बसणाऱ्याने फाइल उघडून ‘हा खर्च कशासाठी आणि याची मंजुरी कोठे आहे?’ असे विचारावे, आणि ते विचारण्यासाठी आपण त्याला पाठविले आहे याची आठवण मतदाराने ठेवावी. मेहतांनी दीडशे वर्षांपूर्वी मागितले ते एवढेच होते.