थेट धावफलक
एचटीटीपीच्या मूळ रचनेत ब्राउझरने मागितल्याखेरीज सर्व्हर काहीच पाठवत नाही. त्यामुळे थेट धावफलकासाठी पूर्वी दर काही सेकंदांनी नव्याने विचारणा, म्हणजे ‘पोलिंग’, करावी लागे आणि दोन षटकांमधल्या विरामातही ती व्यर्थ चालू राही. डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ने प्रमाणित केलेल्या वेबसॉकेटने एकच जोडणी खुली ठेवून दोन्ही बाजूंना केव्हाही संदेश धाडण्याची सोय केली. तथापि, ज्याला केवळ धावा पाहायच्या आहेत त्याच्यासाठी ‘सर्व्हर-सेंट इव्हेंट्स’ ही एकतर्फी पद्धतच अधिक योग्य होय, कारण बोगद्यात गाडी शिरून जोडणी तुटली तरी ब्राउझर ती आपणहून पुन्हा जोडतो व शेवटच्या मिळालेल्या संदेशाचा क्रमांक कळवतो. मधल्या चेंडूंची नोंद जपून ती पुन्हा पाठवण्याची जबाबदारी मात्र सर्व्हरचीच असते.