ख्रिस्ती साहसी शिक्षण

ख्रिस्ती साहसी शिक्षण ही निसर्गातील साहसी उपक्रमांच्या अनुभवातून श्रद्धा, चारित्र्य व नेतृत्वगुण यांची जोपासना करू पाहणारी शिक्षणपद्धती आहे. पदभ्रमण, प्रस्तरारोहण, होडीतून लांबचा प्रवास आणि एकांतवास ही तिची प्रमुख साधने होत.

पार्श्वभूमी

इस्राएल लोकांची चाळीस वर्षांची अरण्ययात्रा आणि येशूने अरण्यात काढलेले चाळीस दिवस या बायबलमधील प्रसंगांचा आधार या पद्धतीचे पुरस्कर्ते घेतात. संघटित स्वरूपाची सुरुवात मात्र एकोणिसाव्या शतकातील शिबिरांपासून झाली. वायएमसीएचे कार्यकर्ते समनर डडली यांनी १८८५ साली न्यूयॉर्क राज्यात अवघ्या सात मुलांना घेऊन भरविलेले शिबिर पुढे ‘कॅम्प डडली’ म्हणून प्रसिद्ध झाले.

या क्षेत्रावर सर्वाधिक प्रभाव कुर्ट हान (१८८६–१९७४) यांचा पडला. बर्लिनमधील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हान यांनी हिटलरला उघड विरोध केला. १९३३ साली त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते ब्रिटनला गेले. तेथे त्यांनी अँग्लिकन पंथाचा स्वीकार केला. १९४१ साली लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या साहाय्याने त्यांनी वेल्समधील अबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. बुडालेल्या जहाजांवरील तरुण खलाशी वयस्क खलाशांपेक्षा लवकर धीर सोडतात, ही होल्ट यांची चिंता त्यामागे होती. आउटवर्ड बाउंड ही चर्चची संस्था नव्हे. तथापि संकटग्रस्तांच्या सुटकेला हान यांनी दिलेले महत्त्व चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याशी जोडलेले होते. पुणे जिल्ह्यातील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज हे हान यांच्याच शैक्षणिक परंपरेतील असले, तरी ते धार्मिक स्वरूपाचे नाही.

अमेरिकेतील व्हीटन कॉलेज या ख्रिस्ती महाविद्यालयाने १९५१ साली विस्कॉन्सिनमधील थ्री लेक्सजवळ ‘हनीरॉक’ हे केंद्र सुरू केले.

कार्यपद्धती

लहान गटाला अपरिचित परिसरात नेऊन त्याच्यापुढे खरी अडचण उभी केली जाते. वाट शोधणे, स्वयंपाक व ओझ्याची वाटणी यांची जबाबदारी सहभागींकडेच असते; मार्गदर्शक शक्यतो हस्तक्षेप टाळतो. दिवसाअखेरीस होणारी चर्चा हा या पद्धतीचा गाभा मानला जातो, कारण चिंतनाविना अनुभव केवळ सहल ठरतो. या चर्चेला बायबलवाचन व प्रार्थनेची जोड दिली जाते.

धोका आणि टीका

थकलेल्या, घरापासून दूर असलेल्या किशोरांवर श्रद्धेबाबत दबाव येऊ शकतो, हा या पद्धतीवरील गंभीर आक्षेप आहे. शारीरिक धोक्याचा प्रश्न त्याहूनही तीव्र आहे. १५ एप्रिल २००८ रोजी न्यूझीलंडमधील मंगाटेपोपो घळीत अतिवृष्टीमुळे अचानक आलेल्या पुरात ऑकलंडच्या एलिम ख्रिश्चन कॉलेजचे सहा विद्यार्थी व एक शिक्षक मृत्युमुखी पडले. हा उपक्रम बाहेरील साहसकेंद्राने चालविला होता. त्या काळातील अशा अपघातांनंतर झालेल्या शासकीय आढाव्यातून २०११ साली न्यूझीलंडमध्ये व्यावसायिक साहसी उपक्रमांसाठी सुरक्षा-तपासणी बंधनकारक करणारे नियम लागू करण्यात आले.