१२८ आवाजांत ढोलकी नव्हती

१९९१ साली जनरल मिडी हे प्रमाण ठरलं. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, पहिल्या क्रमांकावर पियानोच वाजेल, अशी १२८ आवाजांची यादी त्यात घालून दिली होती. या यादीत १०५ वर सतार आहे, ११२ वर शहनाई आहे. दहावं चॅनेल तालवाद्यांसाठी राखलेलं आहे. त्यात बाँगो आहेत, काँगा आहेत, शिट्टीसुद्धा आहे. तबला आणि ढोलकी मात्र नाहीत. हार्मोनियम शोधायला जावं तर रीड ऑर्गन आणि अ‍ॅकॉर्डियन हाती लागतात. आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रांत पुढची पंधरा-वीस वर्षं मिडी फायलींचं जे काम झालं, त्याची सुरुवात या उणिवेपासून होते. मी त्या काळात पुण्यात कीबोर्ड वाजवत होतो आणि वर्कस्टेशनवर गाणी भरत होतो. या कामाचा इतिहास कुणी लिहिलेला नाही, आणि तो लिहायला हवा असं मला मनापासून वाटतं.

इलेक्ट्रॉनिक सूर मुंबईला तेव्हा नवे नव्हते. १९५४ च्या ‘नागिन’मधली पुंगी म्हणजे कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हिओलिन. केर्सी लॉर्ड यांनी सिंथेसायझर फिल्मी रेकॉर्डिंगमध्ये आणला. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलंडचा ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन यंत्रं जोडून रागांची एक तबकडी केली. एचएमव्हीने ती पुढच्या वर्षी काढली, तेव्हा फारशी कुणी विकत घेतली नाही. आज जगभरचे संगीतकार ती शोधत असतात. त्या यंत्रांना एकमेकांची लय कळायची, पण कुठला सूर किती जोराने वाजवला, हे एका कंपनीच्या यंत्राने दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सांगावं अशी भाषा अजून झालेली नव्हती.

ती भाषा म्हणजे मिडी. सिंथेसायझर बनवणाऱ्या डेव्ह स्मिथ यांनी १९८१ मध्ये तिचा पहिला आराखडा मांडला. रोलंडचे इकुतारो काकेहाशी जपानी कंपन्यांना एकत्र आणायला झटले. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका केबलने जोडले गेले, आणि एकावर बोट ठेवताच दुसरा वाजला. १९८८ मध्ये मिडी फायलीचंही प्रमाण आलं. त्याच वर्षी कोर्गचा एम-वन बाजारात आला: आवाज, इफेक्ट आणि आठ ट्रॅकचा सीक्वेन्सर एकाच पेटीत. वर्कस्टेशन हा शब्द आमच्या तोंडी बसला तो तेव्हापासून. ऑर्केस्ट्रांत खरं राज्य केलं ते मात्र नंतरच्या सोळा ट्रॅकच्या आणि फ्लॉपी घेणाऱ्या कीबोर्डांनी, विशेषतः रोलंडच्या एक्सपी मालिकेने.

मिडी फायलीत आवाज नसतो. कुठली पट्टी केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढ्याच सूचना असतात. म्हणूनच मी तिला स्वरलिपीच्या वहीशेजारी ठेवतो. फिल्मी संगीतात हे लिहून ठेवण्याचं काम गोव्याच्या अरेंजरांनी केलं होतं. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा स्टाफ नोटेशनमध्ये प्रत्येक व्हायोलिनचा, प्रत्येक ट्रंपेटचा कागद लिहून देत. सेबॅस्टियन यांच्या कागदांशिवाय शंकर-जयकिशन यांची वाद्यवृंदाची गाणी आज ऐकू येतात तशी ऐकू आली नसती. गावोगावच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला हेच काम करत होता. त्याच्याकडे व्हायोलिनवाले मात्र नव्हते, सोळा ट्रॅक होते.

फाइल तयार कशी व्हायची? मूळ गाणं कॅसेटवर. टेपची गती क्वचितच बरोबर असायची, त्यामुळे गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी लागायचं. आधी कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग हलवून कॅसेटशी जुळवायचं. मग बेस, कॉर्ड, स्ट्रिंग्ज, मधले म्युझिक पीस, असं एकेक करून भरत जायचं. पहिला बार रिकामा ठेवायचा. त्यात प्रत्येक चॅनेलचा आवाज, व्हॉल्यूम, पॅन, रिव्हर्ब यांच्या सूचना, आणि त्याही एकमेकींपासून थोड्या थोड्या अंतरावर. कारण मिडीच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट्‌स जातात. म्हणजे एका सुराला जवळपास एक मिलिसेकंद. सोळा चॅनेलच्या सगळ्या सूचना पहिल्याच ठोक्यावर कोंबल्या, तर त्यांच्यामागून येणारा पहिला कॉर्ड विस्कटून येतो.

गायिकेची पट्टी वेगळी असली की ट्रान्स्पोज करायचं, पण दहावं चॅनेल वगळून. तालवाद्यांच्या चॅनेलवर प्रत्येक क्रमांक म्हणजे एक वाद्य असतं. ३६ वर बेस ड्रम, ३८ वर स्नेअर. सगळं गाणं सरसकट दोन अर्धस्वरांनी वर नेलं, तर बेस ड्रमच्या जागी स्नेअर वाजू लागतो आणि ठेक्याचा पार चुथडा होतो.

सगळ्यात जास्त वेळ मींड खायची. बेंडरच्या हालचालीला मिडीत १६,३८४ पायऱ्या आहेत, पण ठरलेली मर्यादा वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर. षड्‌जापासून शुद्ध गंधारापर्यंत जायचं तर चार अर्धस्वर लागतात. मग १०१, १०० आणि ६ या कंट्रोलरांतून मर्यादा वाढवून घ्यायची. एका मींडेत शेकडो नोंदी भरल्या जात आणि मेमरी झपाट्याने संपत येई. मग डेटा थिन करून त्या विरळ करायच्या. इतक्याही विरळ नाही की मींड पायरीपायरीने ऐकू यावी. शेवटी मायक्रोस्कोप उघडायचा. एकेक नोंद ओळीने दाखवणाऱ्या पानाचं रोलंडने दिलेलं हे नाव. तिथे मींडेनंतर बेंडर पुन्हा शून्यावर आलेला आहे ना, हे बघायचं. तो अंशभर जरी वर राहिला, तरी पुढचा सगळा अंतरा बेसूर होतो.

क्वांटाइझवर माझा राग आहे, आणि तो गेलेला नाही. त्या रोलंड यंत्रांवर एका मात्रेचे ९६ भाग असत. क्वांटाइझ केलं की सूर जवळच्या घरात जाऊन बसतो. चार मात्रांच्या बारातल्या सोळाव्या हिश्श्याचं घर २४ भागांचं. डिस्को गाण्याला ते चालतं. केरव्याच्या लग्गीत मात्र बोल थोडा मागे रेंगाळतो आणि पुढचा धावत येऊन सम गाठतो. ते रेंगाळणं घरात बसवलं की ठेका मरतो. चांगले प्रोग्रॅमर बेस क्वांटाइझ करत आणि ताल हाताने वाजवलेला तसाच ठेवत. कुठे फारच घसरलं असेल तर तेवढाच ठोका शिफ्ट क्लॉकने दोन-चार भाग सरकवत.

लावणी भरणं हे वेगळंच काम. तिची लय चढत जाते, आणि सीक्वेन्सर ढोलकीचं ऐकत नाही. म्हणून टेंपो ट्रॅकवर बारागणिक थोडी थोडी लय वाढवत न्यावी लागे, आणि कुठे किती, हे ढोलकीवाल्याला समोर बसवूनच ठरायचं. पुढे रोलंडचं आशियाई वाद्यांचं एक्स्पान्शन कार्ड आलं आणि त्यात तबला मिळाला. तरी आम्ही बहुतेक जण दहावं चॅनेल गप्प करून ढोलकी माणसाकडूनच वाजवून घेत होतो. साइड ऱ्हिदम ऑक्टोपॅडवर, आणि ऑक्टोपॅडवाल्याच्या कानात क्लिक. प्रमाणाने जे वाद्य यादीत घेतलं नाही, ते अशा रीतीने मंचावर टिकून राहिलं.

याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. सोळा ट्रॅक आले तसे व्हायोलिनवाले, मेंडोलिनवाले, सॅक्सोफोनवाले मंचावरून उतरत गेले. त्यांचे पीस फ्लॉपीवर आले आणि त्यांचं मानधन बंद झालं. ते पीस बसवण्यात माझाही हात होता आणि मला त्याचं वाईट वाटतं. म्हणूनच त्या फायलींत काय आहे, ते जपलं पाहिजे असं मी म्हणतो. कित्येक विस्मृत वादकांचे पीस आता फक्त तिथेच उरले आहेत.

त्या पिढीतल्या बऱ्याच वर्कस्टेशनवर वीज गेली की गाणं पुसलं जाई. म्हणून सगळं फ्लॉपीवर. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं, आणि आपल्या पावसाळ्यात तिच्या चकतीवर बुरशी धरते. बुरशीची फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. हेडही खराब होतो. जी अजून वाचली जाते, तिच्यावरचं गाणं एक्सपीच्या एसव्हीक्यू प्रकारात असेल तर ते त्याच घराण्याच्या यंत्रावर उघडतं. तेव्हा ते स्टँडर्ड मिडी फाइल म्हणूनही सेव्ह करा, ट्रॅक वेगळे राहतील अशा टाइप १ मध्ये. आवाज फायलीत येत नाहीत, म्हणून जुना कीबोर्ड चालू आहे तोवर एकदा ऑडिओही रेकॉर्ड करून ठेवा. फाइलच्या नावाला आठच अक्षरं मिळत, पण फायलीच्या आत मजकुराला जागा असते. गाणं कुणाच्या पट्टीत भरलं, ढोलकीला कोण होतं आणि प्रोग्रॅमिंग कुणी केलं, ही नावं तिथे लिहून ठेवा.